पाव कुठल्या घराण्यातला?

तोंडवलीत सकाळी पाववाल्याच्या सायकलीचा भोंगा वाजला, की आपण चार पाव घेतो. दुकानात पाव किलो साखर मागतो. देवळात गाऱ्हाणं घालताना ‘देवा, पाव’ म्हणतो. हे शब्द तीन वेगळ्या घराण्यांतले आहेत. त्यांची व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाची जन्मकथा, कशी शोधायची ते क्रमाने पाहू.

आधी शब्द वाक्यात चालवून पाहावा. खायचे पाव मोजता येतात. पाव किलो हे माप आहे. तिसरा चालतो तो क्रियापदासारखा: देव पावला, देव पावेल.

मग भावंडं शोधावीत. मापाचा पाव संस्कृत ‘पाद’वरून आला. पाद म्हणजे पाय. जनावराच्या चार पायांतला एक, म्हणून चौथा हिस्सा. ‘पाऊण’ त्याचंच भावंड: पाद उणा. देवाचा पाव ‘प्राप्’ धातूतला, म्हणजे पोचणं, मिळणं. पैसे पोचल्याची ‘पावती’ त्याच घरातली.

खायच्या पावाला अशी भावंडं मराठीत सापडत नाहीत. अशा वेळी शब्द कोणाबरोबर आला ते पाहावं. पोर्तुगीजांनी 1510मध्ये गोवा घेतला. त्यांच्या भाषेत पावाला नाकात उच्चारला जाणारा ‘पांव’ म्हणतात. त्याचं मूळ लॅटिन ‘पानिस’. गोव्यातला पाव भाजणारा ‘पदेर’ही पोर्तुगीज शब्दातूनच आला. काजू, बटाटा, पपई हे त्याच वाटेचे प्रवासी.

हमखास चूक होते ती इथे. पीठ पायांनी मळत, म्हणून पाव, असं सांगितलं जातं. पण पायाला ‘पाँव’ हिंदीत म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर मराठीत आणि कोकणीत तो पायच. शिवाय हा शब्द पोर्तुगालहून तयारच आला होता.

शेवटी दूरच्या भाषांशी ताडून पाहावं. मलेशियात वाफवलेल्या गोळ्याला ‘पाऊ’ म्हणतात. तो शब्द चिनी, मुळात गुंडाळण्याच्या अर्थाचा. आपल्या पावाशी त्याचं नातं नाही. जपानीत मात्र पावाला ‘पान’ म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीजांनीच तिथे नेला. म्हणजे तो आपल्या पावाचा सख्खा. केळीच्या पानाशी त्याचा संबंध नाही, कारण आपलं पान ‘पर्णा’तून आलं.

चेहरा पाहून सोयरीक ठरवत नाहीत. आधी गाव आणि घराणं विचारतात. शब्दालाही तेच विचारावं.