इंजिनाची कुरकुर आणि उपकरणांची साक्ष

मोटार उभी आहे, गिअर काढलेला आहे, चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही, आणि तरीही इंजिन फिरत आहे. या अवस्थेला इंग्रजीत 'आयडलिंग' म्हणतात. आमचे फिटर लोक तिला 'स्लो' म्हणतात. इंग्रजी शब्दाचा अर्थ रिकामटेकडेपणा असा होतो, आणि त्यामुळे एक गैरसमज निर्माण होतो. या वेळी इंजिन कोणाचा भार वाहत नसले तरी स्वतःचा भार त्याला वाहावाच लागतो. पिस्टनांचे घर्षण, पाण्याचा पंप, वीज निर्माण करणारा आल्टरनेटर आणि आजकाल वातानुकूलनाचा काँप्रेसर, हे सर्व त्याला कमीत कमी हवा आणि कमीत कमी पेट्रोल यांवर चालवावयाचे असते. माणसाची प्रकृती तो धावत असताना जितकी कळते, तितकीच तो एका पायावर स्तब्ध उभा राहू शकतो की नाही यावरूनही कळते. इंजिनाचे 'स्लो' हे असे एका पायावर उभे राहणे होय.

थोडा हिशेब करून पाहू. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात मिनिटाला ४०० वेळा आणि सर्व मिळून १,६०० वेळा ज्वलन होते. म्हणजे सेकंदाला सुमारे २७ ठोके. धावत्या गाडीत त्यांतला एखादा ठोका चुकला तर गाडीचा वेगच तो सांभाळून नेतो. उभ्या गाडीत इंजिनाला सांभाळणारे फ्लायव्हीलखेरीज कोणी नसते. म्हणून चुकलेला प्रत्येक ठोका आसनावर बसलेल्याच्या पाठीला जाणवतो, आणि मालक गॅरेजात येऊन सांगतो की, गाडी 'मिसिंग' करते, किंवा स्लोला थांबत नाही, किंवा तिची 'रेस' आपोआप वरखाली होते.

इतिहास आणि तत्त्वज्ञान यांवरील व्याख्यानांना जमणाऱ्या श्रोतृवर्गापुढे हा विषय मांडणे काहींना विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु साक्षीदार अनेक असताना कोणाची जबानी कोणत्या गोष्टीपुरती ग्राह्य धरावी, हा प्रश्न जितका बखरी वाचणाऱ्या संशोधकाचा आहे तितकाच तो हात तेलाने माखलेल्या फिटरचाही आहे. शिवाय येथे खटला आपल्या खिशाचा आहे. स्लोची तक्रार आली की प्लग बदलावयाचे, तेवढ्याने भागले नाही तर कॉइल बदलावयाची, मग इंजेक्टर धुवावयाचे, आणि शेवटी ऑक्सिजन सेन्सर नवा घालावयाचा, अशी एक परंपरा पडून गेली आहे. प्रत्येक पायरीवर मालकाचे पैसे जातात, आणि फुटलेली रबरी नळी मात्र जागच्या जागी राहते. कोणता भाग बदलावा हे ठरविण्यापूर्वी मोजावे, आणि मोजण्यापूर्वी आपण नेमके काय मोजत आहो हे जाणावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

एका छिद्राचेच उदाहरण घेऊ. १.२ लिटरचे इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना ॲक्सिलरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि आतल्या हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास उतरलेला असतो. त्या वेळी इंजिन मिनिटाला ढोबळ मानाने दीडशे लिटर हवा घेते. आता झडपेच्या पलीकडे कोठे तरी दीड-दोन मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले आहे असे समजा. आतल्या पोकळीच्या ओढीमुळे एवढ्याशा छिद्रातून मिनिटाला पंचवीसएक लिटर हवा आत शिरते. म्हणजे एकूण हवेच्या सहाव्या हिश्शाइतकी! तीच गाडी पूर्ण वेगाने चालली असता इंजिन मिनिटाला तीन हजार लिटरांच्या वर हवा घेते आणि आतली ओढही कमी झालेली असते. तेव्हा या छिद्राची दखल घेण्याचे कारण उरत नाही. रस्त्यावर उत्तम चालणारी गाडी सिग्नलपाशी आल्यावरच का आचके देते, याचा उलगडा या हिशेबात आहे.

तपासणीच्या उपकरणांपैकी सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि आज सर्वांत उपेक्षित म्हणजे व्हॅक्यूम गेज. झडपेपलीकडील हवेच्या मार्गाला त्याची नळी जोडली की आतल्या पोकळीचे माप काटा दाखवितो. निरोगी इंजिनावर तो १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहावा, असे परदेशी पुस्तकांत छापलेले असते. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, ही गोष्ट मात्र पुष्कळजण विसरतात. उंची सुमारे ३०० मीटरांनी वाढली की वाचन एका इंचाने उतरते, कारण आतला दाब तसाच राहिला तरी बाहेरचा दाबच कमी झालेला असतो. मुंबईस १९ इंच दाखविणारे इंजिन पुण्यास, म्हणजे ५६० मीटरांवर, १७ च्या जवळपास दाखवील. आणि महाबळेश्वरी, म्हणजे साडेतेराशे मीटरांवर, साडेचौदा. पुस्तकी आकडा प्रमाण मानणारा मनुष्य महाबळेश्वरच्या प्रत्येक गाडीत दोष शोधून काढील!

तथापि आकड्यापेक्षा काट्याची चाल अधिक बोलकी असते. काटा स्थिर परंतु खाली असेल तर ठिणगी उशिरा पडत असावी, किंवा कोठून तरी हवा गळत असावी. तो ठरावीक अंतराने झटका देऊन खाली येत असेल तर दोष एकाच सिलिंडरात आहे. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा तेथे ज्वलन होत नसेल. काटा सावकाश मागेपुढे तरंगत असेल तर मिश्रणाचे प्रमाण संशयास्पद ठरते. इंजिनाचा वेग वाढवून तसाच ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत चालला, तर धूर जाण्याची वाट तुंबलेली आहे. जुने मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरीत व तो नियमित फडफडतो की मध्येच आत ओढला जातो हे पाहून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळल्याचे सांगत. त्यांची विद्या याच जातीची होती, आणि ती मोडीत काढण्याजोगी नाही.

आता आजच्या लाडक्या उपकरणाकडे, म्हणजे स्कॅनरकडे वळू. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून दोषांची नोंद गाडीतच ठेवण्याची पद्धत सक्तीची झाली, आणि आपल्याकडील आजच्या गाड्यांतही ती आलेली आहे. स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनरचा प्लग खोचला की पडद्यावर सांकेतिक क्रमांक उमटतो. 'पी ०१७१' असा क्रमांक आला म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे. हा क्रमांक न्यायाधीशाचा निकाल समजला जातो, आणि 'पेट्रोल कमी' असे सांगणारा ऑक्सिजन सेन्सर तोच अपराधी ठरून फेकला जातो. म्हणजे चोरी झाल्याची वर्दी देणाऱ्यालाच चावडीवर बांधून ठेवण्यासारखे झाले.

हा सेन्सर मोजतो तरी काय? १९७६ साली व्होल्व्हो गाडीत प्रथम बसविला गेलेला हा झिर्कोनियाचा तुकडा तापला की, जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन उरला आहे की नाही, एवढेच पाहतो. ऑक्सिजन उरला असेल तर तो ०.१ व्होल्टच्या जवळपास दाखवितो, उरला नसेल तर ०.९ च्या. पेट्रोल त्याला दिसतच नाही. एका भाग पेट्रोलास वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्यासाठी संगणक या वाचनावर विसंबून पेट्रोल कमीअधिक करीत असतो. समजा, एका सिलिंडरात ठिणगीच पडली नाही. तेथली हवा न जळता तशीच बाहेर गेली, तिच्याबरोबर पेट्रोलही गेले. सेन्सरला त्यातला ऑक्सिजन तेवढा दिसला. त्याने 'ऑक्सिजन आहे' अशी खरी साक्ष दिली, आणि संगणकाने 'पेट्रोल कमी' असा खोटा अर्थ लावून आणखी पेट्रोल ओतले. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या नळीस भोक पडले तरी हेच घडते. यांत सेन्सरचा दोष कोणता?

म्हणून स्कॅनरवर क्रमांकापेक्षा 'फ्युएल ट्रिम' नावाचे आकडे पाहावेत. ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल संगणक वाढवीत किंवा घटवीत आहे, ते या आकड्यांवरून कळते. स्लोला हा आकडा अधिक २०-२२ असेल आणि इंजिन २,५०० फेऱ्यांवर नेताच अधिक ४-५ वर उतरत असेल, तर वर सांगितलेल्या छिद्राचा संशय बळावतो. उलट स्लोला ठीक आणि चढावर ओढ लागताच वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर पाहावा.

येथेही एक अट आहे. आत येणारी हवा तोंडाशीच मोजणारे यंत्र ज्या गाडीत असते, तीतच ही खूण पटते. कारण छिद्रातून आलेली हवा मोजणीतून निसटते. पुष्कळ लहान गाड्यांत हवा न मोजता झडपेपलीकडील दाब मोजतात. तेथे छिद्रातून हवा आली की दाब वाढतो, संगणक तेवढे पेट्रोलही देतो आणि मिश्रण बरोबर राहते. परंतु इंजिन ८०० ऐवजी ११००-१२०० फेरे घेऊ लागते. एकाच छिद्रामुळे एक गाडी बंद पडू पाहते, तर दुसरी बेफाम होते! गाडीत कोणती पद्धत आहे हे न पाहता ट्रिमचा अर्थ लावणे व्यर्थ होय.

स्कॅनरच्या साक्षीला दुजोरा हवा असेल तर गॅस ॲनालायझर आणावा. पी. यू. सी. केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी खुपसून जे वायू मोजतात, त्याचाच हा थोरला भाऊ; हा चार वायू मोजतो. कार्बन मोनॉक्साइड वाढला आणि ऑक्सिजन नाहीसा झाला, तर पेट्रोल खरोखरच जास्त आहे. मोनॉक्साइड जवळजवळ शून्य आणि ऑक्सिजन किंचित वाढलेला, तर हवा जास्त आहे. न जळलेले पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही एकदम वाढले, तर एखादा सिलिंडर जळतच नाही. स्कॅनरला जो भेद करता आला नाही तो येथे उघड होतो. मात्र तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे वायू बऱ्याच अंशी पुसून टाकतो, तेव्हा वायू शक्य तर त्याच्या अलीकडे घ्यावा. आणि हे सर्व उघड्या जागेत करावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवल्याने माणसे दगावतात; कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही.

सिलिंडरांपैकी दुबळा कोणता हे काढण्यासाठी पूर्वी एकेका प्लगची वायर ओढून पाहत. आजच्या कॉइलवर तसे करू नये. कॉइल बिघडते, हाताला जबर झटका बसू शकतो आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टर तापवून त्याचा नाश करते. त्याऐवजी ऑसिलोस्कोप वापरावा. इंजेक्टरांची जोडणी काढून पेट्रोल बंद करावे, बॅटरीच्या जाड तारेभोवती विजेचा प्रवाह मोजणारा चिमटा लावावा व स्टार्टर फिरवावा. प्रत्येक सिलिंडर हवा दाबतो तेव्हा स्टार्टरला जोर पडून प्रवाह वाढतो, आणि पडद्यावर एकामागून एक उंचवटे उमटतात. चार सारखे असले तर इंजिनाचे अंग धड आहे. एक ठेंगणा असला तर त्या सिलिंडराची हवा गळते. एकही बोल्ट न काढता हे दोन मिनिटांत कळते. वाफेच्या इंजिनाच्या काळात, १७९६ साली, जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने इंजिनाकडूनच पेन्सिलीने त्याच्या दाबाची आकृती काढवून घेतली होती. हा पडदा तिचाच वंशज होय.

हवा गळते एवढे ठरले, तरी कोठून, हा प्रश्न राहतोच. संशयित सांध्यांवर पेट्रोल फवारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते पाहण्याची रीत अजून दिसते. तापलेल्या इंजिनावर ती आगीला आमंत्रण देणारी आहे. धूर सोडणारे यंत्र त्याहून शहाणे. इंजिन बंद ठेवून अगदी हलक्या दाबाने तेलाचा पांढरा धूर हवेच्या मार्गात भरावा आणि दिवा घेऊन पाहत बसावे. इनटेकच्या पॅकिंगमधून, इंजेक्टरच्या रबरी कड्यापाशी, अगर क्रँककेसच्या वाफा नेणाऱ्या नळीच्या वाकणातून धुराची रेघ वर येते. ही शेवटची जागा आमच्या मते सर्वप्रथम पाहण्यासारखी. उष्णतेने व तेलाने ते रबर नेमके वाकणाच्या खालच्या अंगास चिरते, आणि वरून पाहणाऱ्यास नळी धडधाकट दिसते.

एका गळतीविषयी मात्र विशेष सावध राहावे. ब्रेकचा जोर वाढविणारा बूस्टर इंजिनाच्या याच पोकळीवर चालतो. ब्रेकचे पेडल दाबताच स्लो बदलत असेल, किंवा बूस्टरकडे जाणारी नळी पकडीने चिमटताच ते सुधारत असेल, तर दोष तेथे आहे. अशा गाडीची तक्रार नुसत्या कुरकुरीची राहत नाही. घाट उतरताना पेडल दगडासारखे कडक लागण्याची ती पूर्वसूचना असू शकते, आणि तेवढ्यासाठी गाडी त्याच दिवशी उभी करावी.

नळी बदलल्यावर काम संपले असे समजून पैसे घेण्याची घाई होते. परंतु संगणकाने आजवर शिकलेली दुरुस्ती त्याच्या स्मरणात तशीच असते. छिद्र बुजले तरी तो काही काळ जास्तीचे पेट्रोल देत राहतो. कार्बनने माखलेली झडप धुतल्यावरही असाच घोटाळा होतो. मळाचा हिशेब धरून संगणक ती थोडी अधिक उघडी ठेवीत असतो, आणि स्वच्छ झडपेतून आता जास्त हवा जाऊन इंजिन ओरडू लागते. तेव्हा जुन्या नोंदी पुसाव्या, बनविणाऱ्याने सांगितलेल्या रीतीने स्लो पुन्हा शिकवावे, गाडी चार मैल फिरवून आणावी, आणि ट्रिमचे व व्हॅक्यूमचे आकडे दुरुस्तीपूर्वीच्या आकड्यांशेजारी कागदावर मांडून मालकाच्या हाती द्यावे. थंड रबर आणि तापलेले रबर यांची वागणूक निराळी असते. म्हणून गाडी एक रात्र ठेवून घेऊन सकाळी थंड इंजिनावर हीच वाचने पुन्हा घ्यावीत.