हवेची बंदूक : जोर किती, छर्रा कोणता?

विजापूरच्या बुरुजावरील मुलुखमैदान तोफ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, निदान चित्रात तरी. ही तोफ मूळची आपल्या नगरची. १५४९ साली, निजामशाहीच्या काळात, ती येथे ओतली गेली आणि पुढे विजापूरला गेली. तिच्या नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आहे. आता जत्रेत फुगे फोडण्यासाठी ठेवलेली बंदूक आठवा. तिच्या नळीचा व्यास अवघा काही मिलिमीटर! पण दोन्हींचे तत्त्व एकच. एका बाजूने बंद असलेल्या नळीत वायूचा दाब निर्माण करायचा आणि त्या दाबाने पुढचा गोळा बाहेर ढकलायचा. तोफेत हा वायू दारू पेटून तयार होतो. हवेच्या बंदुकीत ती साधी हवाच असते.

हवेची बंदूक म्हणजे खेळणे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हवेच्या बंदुका युद्धात वापरल्या होत्या. आज इंग्लंडमध्ये शेताची नासाडी करणारे ससे व पारवे मारण्यासाठी त्या वापरतात, तर अमेरिकेच्या काही राज्यांत मोठ्या व्यासाच्या हवाई बंदुकीने हरणाची शिकारही करता येते. अशी बंदूक घेणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात : जोर किती हवा आणि छर्रा कोणता हवा? ‘जोर जितका जास्त तितके चांगले’ हे उत्तर चटकन सुचते. ते कितपत खरे आहे, हे आपण पदार्थविज्ञानाच्या मदतीने पाहू.

जोर कोठून येतो?

साध्या बंदुकीत नळी मोडून खाली ओढली की आतील स्प्रिंग दाबली जाते. घोडा ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि त्याच्यापुढील हवा एकदम दाबली जाते. जास्त जोराच्या बंदुकीत स्प्रिंग नसते. तिच्यात हवेची छोटी टाकी असते आणि पंपाने तीत वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाची हवा भरून ठेवतात.

छर्ऱ्यावर होणारे कार्य म्हणजे हवेचा दाब, छर्ऱ्याच्या मागील क्षेत्रफळ आणि नळीची लांबी यांचा गुणाकार. छर्रा पुढे सरकतो तसा दाब कमी होत जातो, म्हणून येथे सरासरी दाब घ्यावा लागतो. बंदुकांच्या नळ्यांचे दोन व्यास विशेष प्रचारात आहेत : ४.५ मि.मी. आणि ५.५ मि.मी. फरक केवळ एका मिलिमीटरचा! पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गणित करून पाहा; दुसऱ्या नळीचे क्षेत्रफळ पहिलीच्या जवळजवळ दीडपट येते. दाब व लांबी तीच ठेवली तर ऊर्जाही दीडपट मिळेल. शिकारीच्या बंदुकीची नळी मोठी का असते, हे आता तुमच्या लक्षात येईल.

एकच ऊर्जा, दोन छर्रे

समजा, बंदूक छर्ऱ्याला २० ज्यूल ऊर्जा देते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट. या सूत्राप्रमाणे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने सुटेल, तर एक ग्रॅमचा छर्रा २०० मीटर वेगाने.

हलका छर्रा वेगवान, म्हणून तोच चांगला का? लक्ष्य ३० मीटरवर आहे असे धरू आणि हवेचा विरोध क्षणभर विसरू. तेवढ्या अंतरात गुरुत्वाकर्षणाने हलका छर्रा साडेपाच सेंटिमीटर खाली येईल आणि जड छर्रा अकरा सेंटिमीटर. येथे हलक्याची सरशी झाली.

आता हवेचा विरोध विचारात घेऊ. हा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दोन्ही छर्ऱ्यांचा आकार व व्यास सारखा आहे. पण हलक्याच्या वेगाचा वर्ग दुप्पट आहे. म्हणून त्याला होणारा विरोधही दुप्पट. याचा अर्थ असा, की सुरुवातीला प्रत्येक मीटरमागे हलका छर्रा जड छर्ऱ्याच्या दुप्पट ऊर्जा गमावतो. नळीच्या तोंडाशी दोघांची ऊर्जा सारखी होती. लक्ष्यापाशी मात्र जड छर्ऱ्याकडे अधिक ऊर्जा शिल्लक राहते.

ध्वनीची वेस

मग बंदुकीचा जोर वाढवून ४० ज्यूल केला तर? अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला तेवढी ऊर्जा मिळाली तर त्याचा वेग सेकंदाला ४०० मीटर होईल. येथे नवीच अडचण उभी राहते. वीस अंश तपमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. नगरच्या मे महिन्यात पारा चाळिशीला गेला तरी तो ३५५ च्या आसपासच राहतो. वस्तूचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला, की तिच्यापुढे हवेची आघात-लहर तयार होते व विरोध झपाट्याने वाढतो. हलका छर्रा या पट्ट्यात डगमगू लागतो आणि नेम बिघडतो. शिवाय ‘फटाक्’ असा मोठा आवाज होतो तो निराळाच.

म्हणून जाणकार लोक जोर वाढला की छर्राही जड घेतात. ४० ज्यूलच्या बंदुकीत ५.५ मि.मी. व्यासाचा, सुमारे १.२ ग्रॅमचा छर्रा घातला, तर वेग २६० च्या आत राहतो आणि ध्वनीची वेस ओलांडावी लागत नाही. नुसता जोर वाढवून भागत नाही. जोर आणि छर्रा यांची जोडी जमली पाहिजे.

डमरूचा आकार

छर्रा हातात घेऊन नीट पाहिला तर तो डमरूसारखा दिसतो : कमरेत बारीक, पुढे भरीव आणि मागे पोकळ. बॅडमिंटनच्या फुलासारखीच ही युक्ती आहे. वजन पुढे, विरोध मागे. त्यामुळे तोंड पुढेच राहते. मागची पातळ कड हवेच्या दाबाने फुगून नळीला घट्ट बसते व हवा निसटू देत नाही. नळीच्या आत पीळदार खाचा असतात. त्यांमुळे छर्रा भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो आणि स्थिर राहतो.

छर्ऱ्याचे डोके कामाप्रमाणे बदलते. गोल डोके हवा चांगली कापते. ते लांबच्या अंतराला उपयोगी. सपाट डोके कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते, ते स्पर्धेसाठी. दहा मीटर रायफल स्पर्धेतील छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि त्याची ऊर्जा सात-आठ ज्यूलच असते. पण तेथे लक्ष्याचा मधला ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर! म्हणून नेमबाज छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० की ४.५१ मि.मी., हेसुद्धा तपासून घेतात. आपल्या महाराष्ट्राच्या सुमा शिरूर यांनी २००४ साली याच प्रकारात ४०० पैकी ४०० गुण मिळवले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरो येथे जगज्जेता झाला. दोघांच्याही बंदुका शिकारीच्या बंदुकीहून कमी जोराच्याच!

ऊर्जा जाते कोठे?

छर्ऱ्याचा वेग मोजण्याची सुंदर रीत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १७४२ साली प्रसिद्ध केली. (हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला व १७५१ साली कडलूरजवळील किल्ल्यात वारला.) दोरीने टांगलेल्या ठोकळ्यात गोळी रुतू द्यायची आणि झोका मोजायचा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने येऊन अर्ध्या किलोच्या ठोकळ्यात रुतला, तर संवेगाच्या अक्षय्यतेप्रमाणे ठोकळ्याला सेकंदाला २० सेंटिमीटर वेग मिळेल. दोरी एक मीटरची असेल तर तो सुमारे साडेसहा सेंटिमीटर झुलेल.

आता दोन्ही वेळची ऊर्जा काढा. छर्ऱ्याची होती १० ज्यूल. झुलणाऱ्या ठोकळ्याची आहे ०.०१ ज्यूल, म्हणजे हजारावा भाग! बाकीची ऊर्जा नाहीशी झाली नाही. ती ठोकळ्याला भोक पाडण्यात आणि उष्णतेत गेली. ठोकळ्याच्या जागी एखाद्या जिवाचे शरीर असेल, तर ती ऊर्जा कोठे जाईल हे वेगळे सांगायला नको.

स्पर्धेच्या बंदुकीतील साडेसात ज्यूल म्हणजे एक किलोचे वजन पाऊण मीटर उंचीवरून पडावे, तेवढीच ऊर्जा. पण ते वजन पायावर पसरून पडते, तर छर्रा सगळी ऊर्जा चण्याएवढ्या जागेत ओततो. डोळा कायमचा जाण्यास याहून कितीतरी कमी ऊर्जा पुरते.

किती जोर पुरे?

म्हणूनच निरनिराळ्या देशांनी मर्यादा घातल्या आहेत. जर्मनीत साडेसात ज्यूलपर्यंत व इंग्लंडमध्ये सुमारे १६ ज्यूलपर्यंतच्या हवाई रायफलीला परवान्याची गरज नसते. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० ज्यूलहून जास्त ऊर्जेच्या किंवा ४.५ मि.मी.हून मोठ्या व्यासाच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. ऊर्जेबरोबर व्यासाचीही अट का, हे वरच्या दीडपटीच्या हिशेबावरून तुम्हीच सांगू शकाल.

आणि परवाना असला तरी रानातल्या प्राण्यांची शिकार करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली आहे. आपल्या जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. कळप बाहेरच्या शेतांतही चरायला येतात. कमी जोराचा छर्रा अशा जनावराला ठार करीत नाही. तो अंगात रुतून बसतो आणि जनावर कित्येक दिवस झिजत राहते. त्यातून छर्रा असतो शिशाचा, आणि शिसे विषारी. (नेमबाजी करणाऱ्यांनीही छर्रे तोंडात धरू नयेत व सरावानंतर हात साबणाने धुवावेत.)

तेव्हा प्रश्न ‘जोर किती जास्त?’ असा नसून ‘कामापुरता जोर किती?’ असा आहे. कागदावरच्या ठिपक्यासाठी साडेसात ज्यूल पुरतात, आणि आपल्याकडे छर्ऱ्याचे योग्य लक्ष्य कागदच आहे. त्याच्यामागे भक्कम भिंत हवी आणि शेजारी जाणता शिक्षक हवा.

जाता जाता एक उदाहरण : ०.६ ग्रॅमच्या छर्ऱ्याला साडेसात ज्यूल ऊर्जा मिळाली, तर त्याचा वेग किती? उत्तर सेकंदाला सुमारे १५८ मीटर यायला हवे. मग तोच छर्रा दहा मीटरवर पोचेपर्यंत किती खाली येईल, तेही काढून पाहा.