६४ विरुद्ध ६४ : "लस घेऊनही झालाच की!"

हा आपल्या एपिसोडचा लिखित अवतार. आज जरा आकडेमोड आहे, त्यामुळे खरं सांगायचं तर ऐकण्यापेक्षा वाचलेलंच बरं पडेल.

२०२१ चा एप्रिल. मी वर्क फ्रॉम होम करत न्हावऱ्यात घरी. रेंज फक्त गच्चीवर, म्हणून मी, लॅपटॉप आणि छत्री असे तिघं दिवसभर वर. माझी आत्या आशा वर्कर. देशात १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून, आणि त्यात आशाही होत्या. आत्याचा पहिला डोस जानेवारीअखेर, दुसरा मार्चच्या सुरुवातीला. कोविशिल्ड, म्हणजे आपल्या पुण्याच्या सीरमची. आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आत्या पॉझिटिव्ह.

चार दिवस ताप, खोकला, तोंडाची चव गेली. मागच्या खोलीत राहूनच बरी झाली. पण वस्तीवर बातमी पोचली ती अशी : "आशाताईंनी दोन्ही टोचून घेतल्या, तरी झालाच की." पंचेचाळीसच्या पुढच्या लोकांना तयार करायला तिनं महिनाभर उंबरे झिजवले होते. त्यातली कितीतरी घरं एका दिवसात फिरली. बरी झाल्यावर ती मला म्हणाली, "अरे, तू इंजिनियर ना? मग सांग, मी यांना काय उत्तर देऊ?" मी "इम्युनिटी वगैरे वाढते ना" असं काहीतरी पुटपुटलो. लाज वाटली.

उत्तर सापडलं ते लांब, तमिळनाडूत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तेव्हा १०,६०० कर्मचारी होते. त्यातल्या ८,९९१ जणांनी जानेवारी ते एप्रिलदरम्यान लस घेतली, बहुतेकांनी कोविशिल्डच. मग दुसरी लाट आली आणि तिथल्या डॉक्टरांनी आपल्याच स्टाफचा हिशोब मांडला. कंपनीची ट्रायल म्हणजे टेस्टिंग सर्व्हर : सगळं आखून-रेखून. हे मात्र प्रॉडक्शन. खरा वॉर्ड, खरे पेशंट, समोर डेल्टा.

आता नीट बघा. दोन्ही डोस घेतलेल्यांपैकी ६७९ जणांना कोविड झाला. अजिबात न घेतलेल्यांपैकी ४३८ जणांना. आणि दवाखान्यात दाखल किती? दोन्ही डोसवाले ६४. न घेतलेलेही ६४.

एवढंच कुणी व्हॉट्सॲपवर टाकलं तर काय होईल, तुम्हीच सांगा. "बघा, दोन्हीकडे सारखेच! उलट लसवाल्यांनाच जास्त झाला!" आकडे शंभर टक्के खरे आणि निष्कर्ष साफ चूक. कारण खालचा आकडा गायब आहे. दोन्ही डोस घेतलेले होते ७,०८०. न घेतलेले फक्त १,६०९. म्हणजे दर हजारी बघितलं तर लसवाल्यांमधले ९ जण दाखल झाले, बिनलसवाल्यांमधले ४०. संसर्गाचंही तसंच : हजारी ९६ विरुद्ध २७२. जिथं जवळपास सगळ्यांनीच लस घेतलीय, तिथं आजाऱ्यांतही लसवालेच जास्त दिसणार. आमच्या वस्तीनं नेमकी हीच चूक केली, फक्त एका माणसावरून.

त्या अभ्यासात संसर्गापासून संरक्षण निघालं ६५ टक्के, दाखल होण्यापासून ७७, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ आणि आयसीयूपासून ९४. आजार जितका गंभीर, तितकी लस जास्त कामाची. आत्या या शिडीच्या पहिल्याच पायरीवर थांबली होती.

पण ९४ वर मी पैज लावणार नाही. आयसीयूत गेलेले एकूण दहाच : लसवाले २, न घेतलेले ८. एवढ्या थोड्या माणसांत दोघं इकडचे तिकडे झाले तरी टक्का हलतो. शिवाय इथं चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. ज्यांनी लस घेतली नाही ते वयानं, कामानं वेगळे असू शकतात. दिशेबद्दल मात्र शंका राहत नाही.

कारण दुसरा हिशोब याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. भारतीय सैन्यदलांतले आरोग्य आणि फ्रंटलाइन कर्मचारी, जवळपास १५.९ लाख. तो छापून आला पुण्याच्या एएफएमसीतून निघणाऱ्या जर्नलमध्ये. त्यातली युक्ती मला फार आवडली. एकच जवान जानेवारीत बिनलसवाला, फेब्रुवारीत एक डोसवाला, एप्रिलमध्ये दोन डोसवाला. त्याला कुठल्या गटात धरायचं? त्यांनी माणसं मोजलीच नाहीत, दिवस मोजले. रोजंदारीच्या हजेरीसारखं : या गटात इतके दिवस भरले, त्या गटात इतके. निष्कर्ष : दोन डोसनंतर संसर्ग सुमारे ९३ टक्क्यांनी कमी, मृत्यू सुमारे ९८ टक्क्यांनी. हे बहुतेक तरुण, धडधाकट पुरुष, त्यामुळे आमच्या पन्नाशीच्या आत्याला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आणि हे सगळं डेल्टाच्या वेळचं. ओमिक्रॉन आल्यावर संसर्ग अडवण्याची ताकद बरीच घटली. १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रिकॉशन डोस सुरू झाला, तो त्याच काळात.

आणि हो, नर्स आयसीयूत गेली नाही तरी पॉझिटिव्ह आली की ड्युटीवरून बाहेर. तालुक्याच्या गावात तिच्या जागी दुसरी आणायची कुठून? त्यामुळे तो ६५ टक्केवाला आकडाही हलका समजू नका.

मागच्या दिवाळीत आत्याला ६४-६४ चं गणित कागदावर मांडून दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. "बरोबर आहे," म्हणाली. मग विचारलं, "पण हे छापून आलं कधी?"

जूनमध्ये, मी म्हणालो.

"आणि मला लोक विचारत होते एप्रिलात. तेव्हा मी काय सांगणार होते, कप्पाळ?"