शिक्षकांची पेन्शन आणि ५८७ डॉलरची कात्री

अमेरिकेत २०२४ मध्ये ६२ वर्षांच्या होणाऱ्या निवृत्त शिक्षिकेच्या सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाला, दरमहा जास्तीत जास्त ५८७ डॉलरची कात्री लागणार होती. कारण एकच, तिला शाळेची पेन्शन मिळते.

तिथले सुमारे ४० टक्के शालेय शिक्षक सोशल सिक्युरिटीच्या बाहेर आहेत. १९३५ च्या मूळ कायद्यात राज्य सरकारांचे कर्मचारी नव्हतेच. पुढे राज्यांना सामील होण्याची मुभा मिळाली, पण कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय, ओहायो अशा राज्यांनी बहुतेक शिक्षकांना आपल्याच पेन्शन फंडात ठेवले. त्यांच्या शाळेच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जात नाहीत.

आता समजा, एका शिक्षिकेने शाळेआधी १० वर्षे खासगी नोकरी केली, महागाईचा हिशेब धरून महिना ४,११० डॉलर पगारावर. सोशल सिक्युरिटी सरासरी काढते ३५ वर्षांची. उरलेली २५ वर्षे शून्य. सरासरी येते सुमारे १,१७४ डॉलर. गरिबांना झुकते माप म्हणून सरासरीच्या या पहिल्या टप्प्यावर ९० टक्के मिळतात, म्हणजे १,०५६ डॉलर. म्हणजे शाळेत चांगला पगार घेतलेली बाई कागदावर जन्मभर गरीब ठरते. १९८३ च्या तरतुदीने हे ९० टक्के ४० वर आणले आणि हातात उरले ४६९. (कपात शाळेच्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त नसे, ३० वर्षे पुरेशी वर्गणी भरलेल्यांना माफी होती.) झुकते माप चुकीच्या हाती जाते ही शंका रास्त होती, पण उपाय ओबडधोबड. या शिक्षिकेची निम्म्याहून जास्त रक्कम गेली. ज्याची सरासरी ४,००० डॉलर, त्याची जेमतेम ३० टक्के.

दुसरी तरतूद १९७७ ची, विधवांना जास्त झोंबणारी. शाळेच्या पेन्शनचे दोनतृतीयांश पतीच्या नावावर मिळणाऱ्या लाभातून वजा होत. पेन्शन २,४०० डॉलर असेल तर वजावट १,६००. पतीमागचा लाभ १,५०० असेल तर हाती भोपळा.

५ जानेवारी २०२५ रोजी बायडन यांच्या सहीने दोन्ही तरतुदी रद्द झाल्या, जानेवारी २०२४ पासूनच्या थकबाकीसह. जुलै २०२५ पर्यंत ३१ लाखांहून अधिक जणांना १७ अब्ज डॉलर पोहोचले. दहा वर्षांचा अंदाजे खर्च १९६ अब्ज, आणि आधीच आटत चाललेला निधी सुमारे सहा महिने आधी संपणार.

आनंद योग्य, पण न्याय अर्धाच. खासगी नोकरीतल्या विधवेचा स्वतःचा लाभ १,६०० आणि पतीचा १,५०० असेल, तर तिला फक्त मोठा, म्हणजे १,६०० मिळतो. वरच्या शिक्षिकेला आता २,४०० अधिक १,५००, म्हणजे ३,९००. सूत्र दुरुस्त करायचे सोडून संसदेने ते उचलून फेकले, असे माझे मत आहे.

१९८३ ची कात्री परदेशी पेन्शनलाही लागत असे. महाराष्ट्रात शाळेची पेन्शन घेऊन नंतर मुलांकडे अमेरिकेत दहा वर्षे नोकरी केलेल्यांचाही ती रद्द झाल्याने फायदा झाला. जुन्या लाभार्थींची रक्कम आपोआप वाढली. मात्र ‘मिळणार तर काहीच नाही’ म्हणून ज्यांनी जोडीदाराच्या लाभासाठी कधी अर्जच केला नाही, त्यांनी तो आता करावा. नव्या अर्जावर मागची रक्कम सहसा सहा महिन्यांपलीकडची मिळत नाही.