हुंडणावळीचा दर आणि परदेशगमन : वऱ्हाडातील कापूस उत्पादकाच्या दृष्टीने

परदेशगमनाचा बेत करणाऱ्या गृहस्थास हुंडणावळीचा दर ही साधी त्रैराशिकाची बाब वाटते. अमुक इतके पौंड किंवा डॉलर लागणार, त्यांस दराने गुणले की रुपयांचा आकडा निघाला! गणित म्हणून यात काही चूक नाही. परंतु ज्या घरातून तो प्रवासी निघतो त्या घराचे उत्पन्न कशावर अवलंबून आहे, हा प्रश्न या त्रैराशिकात येतच नाही. आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न, माझ्या मते, तोच होय. अमरावती-अकोल्याकडील कापूस पिकविणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेतले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानात येते, कारण या प्रांताचे मुख्य पीकच दीर्घकाळ परकी बाजारात मोजले जात होते. मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारांत इकडील कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. ते नाव अमरावतीवरूनच पडलेले आहे.

प्रारंभी एका शब्दाविषयी खुलासा केला पाहिजे. आज आपण ‘डॉलरचा दर चढला’ म्हणतो तेव्हा रुपया उतरलेला असतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या लेखनात मात्र दर एका रुपयास इतके शिलिंग-पेन्स असा सांगत. तेथे दर चढला म्हणजे रुपया महागला. जुने अहवाल वाचताना विद्यार्थी येथे हमखास घसरतात.

१८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या रुप्यास बंद झाल्यावर काही वर्षांतच रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर, म्हणजे १५ रुपयांस १ पौंड या प्रमाणावर, स्थिर झाला. पहिल्या महायुद्धापर्यंत विलायतेस जाणाऱ्यास हुंडणावळीची चिंता करण्याचे कारण नव्हते. युद्धकाळात रुप्याचा भाव भडकला आणि १९१७ पासून सरकारला हा दर पायरीपायरीने वाढवावा लागला. फेब्रुवारी १९२० मध्ये बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपया सोन्याच्या २ शिलिंगांस बांधावा अशी शिफारस केली. त्या वेळी कागदी पौंडच सोन्याच्या मानाने उतरलेला असल्याने स्टर्लिंगमधील दर २ शिलिंग १० पेन्सांच्या आसपास गेला. हा दर टिकविण्याचा खटाटोप सरकारने सप्टेंबर १९२० मध्ये सोडून दिला व १९२१ साली रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली आला.

या आकड्यांचा अर्थ एका कल्पित विद्यार्थ्याच्या खर्चावरून पाहू. त्यास वर्षाला ३०० पौंड लागतात असे धरले, तर २ शिलिंग १० पेन्सांच्या दराने घरून सुमारे २,११८ रुपये पाठवावे लागतील. १ शिलिंग ४ पेन्सांच्या दराने तेच ४,५०० होतील. विद्यार्थ्याने एक पेनीही अधिक खर्च केलेली नाही, राहणी बदललेली नाही. तरी घरचा भार एका वर्षात दुपटीहून अधिक वाढला.

नेमक्या याच वर्षी महाराष्ट्रातील दोन थोर पुरुष विलायतेस गेले. पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरोस गेले. त्यांच्या शिक्षणासाठी वडिलांनी शेती गहाण टाकल्याचे चरित्रकार सांगतात. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाची जागा सोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला परतले. रुपयांत कर्ज काढून अथवा रुपयांतील शिल्लक घेऊन त्या वर्षी जो कोणी निघाला, त्याच्या पायाखालची जमीनच सरकत होती. आंबेडकरांच्या प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता व तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, हे या संदर्भात स्मरणीय आहे. मधल्या काळात त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले होते. १९२२ च्या आरंभी १ डॉलरास दोनशेच्या आत मिळणारे मार्क वर्षअखेर सात हजारांवर गेले. परकी चलन जवळ असणाऱ्या पाहुण्यास जर्मनी तेव्हा स्वस्त होती. जर्मन प्राध्यापकास ती तशी नव्हती.

आता कापसाकडे वळू. वाहतूक, अडत, विमा हे सर्व बाजूस ठेवून समजा, कापसाचा परदेशी भाव रत्तलास ८ पेन्स आहे. मुंबईची खंडी ७८४ रत्तलांची. म्हणजे खंडीस ६,२७२ पेन्स. दर १६ पेन्स असेल तर शेतकऱ्यास खंडीचे ३९२ रुपये मिळतील, १८ पेन्स असेल तर सुमारे ३४८. इकडे मुलाच्या ३०० पौंडांसाठी पहिल्या दराने ४,५०० रुपये लागतील, दुसऱ्याने ४,०००. दोन्ही वेळा भागाकार करून पाहावा : विकावा लागणारा कापूस साडेअकरा खंडीच भरतो. ज्याचे उत्पन्न परदेशी भावाशी बांधलेले आहे, त्याच्या परदेशगमनाचा खरा खर्च हुंडणावळीने बदलत नाही! दर चढला म्हणून विलायत स्वस्त झाली असे अमरावतीच्या पगारदार कारकुनाने म्हणावे. कापूसवाल्याने तसे म्हणणे हा भ्रम ठरेल.

तथापि हा निष्कर्ष येथेच सोडला तर तो अर्धवट राहील. शेतकऱ्याची काही देणी रुपयांत ठरलेली असतात. सारा आणि सावकाराचे व्याज मिळून ५०० रुपये होतात असे धरू. १६ पेन्सांच्या दराने ते भागविण्यास सव्वा खंडीहून किंचित अधिक कापूस लागतो, १८ पेन्सांच्या दराने १.४४ खंडी. म्हणजे मुलाचा खर्च जागच्या जागी राहिला आणि गहाणखताचे ओझे मात्र एक-अष्टमांशाने वाढले. १९२६-२७ मधील प्रसिद्ध वाद हाच. हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्सांची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सांचा आग्रह धरला. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्स कायम झाले. उलट बाजूही दुबळी नव्हती. रुपया स्वस्त झाल्याने उत्पादकास व व्यापाऱ्यास होणारा लाभ मजुराच्या खिशातून येतो, कारण भाव वाढले तरी मजुरी मागे राहते, हा आंबेडकरांचा मुद्दा होता. कापूस वेचणाऱ्या बाईची बाजू त्या वादात दुसऱ्या फारशा कोणी मांडली नाही.

वर सांगितलेला समतोल आणखी एका अटीवर उभा आहे : परदेशी भाव स्थिर राहिला पाहिजे. १९२०-२१ मध्ये तो राहिला नाही. न्यू यॉर्कला १९२० च्या उन्हाळ्यात रत्तलास ४० सेंटांच्या घरात असलेला कापूस पुढील वसंतात १२ सेंटांच्या आसपास आला. रुपया कोसळला असता कापसाचे रुपयांत अधिक मोल यावे, ही अपेक्षा भावाच्या कोसळण्यात वाहून गेली. पौंड महाग आणि कापूस स्वस्त, अशा दुहेरी कात्रीत तेव्हाचे पालक सापडले. पुढे १९३१ च्या अखेरीस जपानने सुवर्णपरिमाण सोडले व येन झपाट्याने उतरला. हिंदुस्थानने जपानी कापडावर जकात वाढविताच १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या कराराने तो मिटला, पण हुंडणावळीबरोबर गिऱ्हाईकही बदलू शकते, हे वऱ्हाडास कळून चुकले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात दरापेक्षा परवान्यास महत्त्व आले. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाले. त्यामुळे लंडनचा खर्च होता तसाच राहिला आणि अमेरिकेचा ४४ टक्क्यांनी वाढला, डॉलर ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला. आजच्या तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेस गेले, तेव्हा डॉलरच्या मध्यस्थीने काढल्यास १ रुपयास सुमारे ७५ येन पडत. २०२४ मध्ये पावणेदोन-दोन येनही मुश्किलीने पडत होते. एवढ्यावरून जपान चाळीसपट महागला असे कोणी म्हणेल तर ते चुकीचे होईल, कारण या काळात दोन्ही देशांतील भाव व वेतने फार निरनिराळ्या वेगांनी वाढली. शिवाय १९५५ मधील तो दर सर्वांसाठी खुला नव्हता. विदेशी चलन मिळवावयाचे तर सरकारी मान्यता हवी. साठीच्या दशकाच्या अखेरीस अनेकजण खिशात अवघे ८ डॉलर घेऊन विमानात बसले. ६ जून १९६६ रोजी डॉलर ७.५० रुपयांचा झाला आणि १०,००० रुपयांचे २,१०० ऐवजी १,३३३ डॉलर येऊ लागले. परंतु ज्यास डॉलर मिळतच नव्हते त्यास या फरकाचे काय सोयरसुतक?

याच सुमारास कापसाचा परदेशाशी असलेला धागाही सैल झाला. माल देशी गिरण्यांत खपू लागला, आणि १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदी योजनेत भाव रुपयांतच ठरू लागला. १९९१ चे अवमूल्यन व १९९३ मधील बाजाराधीन दर यांनंतर परदेशगमनाची वाट मोकळी झाली. पण तिवसा परिसरातील पालक आता कारकुनाच्या पंक्तीस बसला होता.

तरीही क्विंटलांत हिशेब केल्यास उत्तर थोडे अनपेक्षित येते. २०१४ मध्ये डॉलर सुमारे ६० रुपये होता व लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,०५० रुपये. १०,००० डॉलरांसाठी १४८ क्विंटल लागत. २०२४ मध्ये डॉलर सुमारे ८४ आणि हमीभाव ७,५२१. म्हणजे ११२ क्विंटल पुरतात. रुपया घसरूनही कापसाच्या मापाने डॉलर स्वस्तच झाला! मात्र या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. बाजारात हमीभाव मिळतोच असे नाही, वेचणीची मजुरी व खते महागली आहेत, आणि परदेशी विद्यापीठांचे शुल्कही दरम्यान वाढले आहे. विकलेल्या कापसाऐवजी खर्च वजा जाता उरलेला कापूस हे माप घेऊन एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाच हिशेब तालुक्यातील पन्नास घरांत जाऊन मांडावा. त्यात वेळेचाही विचार करावा लागेल. शुल्काचा पहिला हप्ता बहुधा ऑगस्टात भरावयाचा असतो आणि कापूस घरात येतो तो दसरा-दिवाळीच्या पुढे. मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी बँकेचे कर्ज काढून त्या दिवशीच्या दराने डॉलर घ्यावे लागतात. तो दर पुढे उतरला तरी त्याचा लाभ या घरास मिळत नाही.