प्रोबायॉटिके आणि ऋतुनिवृत्तीचा संक्रमणकाल

पुरेशा संख्येने सेवन केले असता आरोग्यास उपकारक ठरणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांना ‘प्रोबायॉटिके’ म्हणतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ञ समितीने २००१ मध्ये ही व्याख्या केली. लॅक्टोबॅसिलस व बिफिडोबॅक्टिरियम यांचे विशिष्ट वाण त्यांत प्रमुख होत. घरगुती दह्यातही जिवंत जंतू असतात. परंतु त्यांचे वाण व संख्या निश्चित नसल्याने काटेकोर अर्थाने ते प्रोबायॉटिक ठरत नाही.

मासिक पाळी अनियमित होऊ लागल्यापासून अखेरच्या पाळीनंतर एक वर्ष पूर्ण होईपर्यंतचा काळ हा ऋतुनिवृत्तीचा संक्रमणकाल होय. या काळात स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) हे हॉर्मोन संथपणे घटत नाही, तर त्याचे प्रमाण बेभरवशाने चढते-उतरते. निद्रानाश, चिडचिड, खिन्नता व वेळेवर शब्द न आठवणे या तक्रारी त्यामुळेच वाढतात. बौद्धिक मंदपणा सामान्यतः सौम्य असून ऋतुनिवृत्तीनंतर बहुधा ओसरतो. तो स्मृतिभ्रंशाचा आरंभ नव्हे.

आतड्यातील जंतूंचा या सर्वांशी दोन वाटांनी संबंध पोहोचतो. यकृतात निष्क्रिय होऊन पित्तावाटे आतड्यात आलेल्या स्त्रीमदजनाला काही जंतूंची एंझाइमे पुन्हा मुक्त करतात व त्याचा काही अंश रक्तात परत शोषला जातो. दुसरी वाट प्राणेशा तंत्रिकेची (मेंदू व आतडी यांना जोडणाऱ्या मज्जातंतूची) होय. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनीन आतड्यात तयार होते हे खरे, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. जाहिरातींत हा उत्तरार्ध सहसा आढळत नाही.

जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांची ताणाला होणारी प्रतिक्रिया अतितीव्र असते, असे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले. २०११ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या एका वाणाने उंदरांतील भयग्रस्त वर्तन कमी झालेले आढळले; प्राणेशा तंत्रिका छेदल्यावर मात्र हा परिणाम दिसला नाही. तोच वाण निरोगी पुरुषांना चार आठवडे देऊन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मनःस्थिती वा आकलन यांत कोणताही फरक पडला नाही. निदान झालेल्या नैराश्यात, विशेषतः नेहमीच्या औषधांच्या जोडीने, काही वाणांचा अल्प लाभ दिसला असला, तरी या चाचण्या लहान व अल्पमुदतीच्या आहेत. शिवाय एका वाणाचा गुण दुसऱ्या वाणाला लागू पडत नाही. संक्रमणकालातील स्त्रियांवर या दृष्टीने झालेले काम तर फारच तुटपुंजे आहे.

त्यामुळे ‘वयच तसे’ म्हणून दुर्लक्षिलेली खिन्नता केवळ कॅप्सुलांवर सोपविणे धोक्याचे ठरते. अवटू ग्रंथीचे (थायरॉइडचे) विकार व रक्तक्षय यांतही थकवा, मंदपणा व विस्मरण आढळते आणि साध्या रक्तपरीक्षेने त्यांचा छडा लागतो. नैराश्यावर औषधे व मानसोपचार, तसेच योग्य स्त्रियांमध्ये हॉर्मोन चिकित्सा, उपलब्ध आहेत. निरोगी व्यक्तीस प्रोबायॉटिकांपासून सहसा पोटफुगीपलीकडे त्रास होत नाही. प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण झालेल्या रुग्णांत मात्र त्या जंतूंमुळे क्वचित रक्तदोषही उद्‌भवतो.