खासगी जलतरण तलाव व बालसुरक्षा (वाई परिसर)

खासगी जलतरण तलावांवरील बालसुरक्षा म्हणजे घर, बंगला किंवा शेतघराच्या आवारातील तलावात लहान मूल बुडू नये यासाठी केलेली बांधकामातील तजवीज, देखरेख आणि प्रथमोपचाराची तयारी होय. सातारा जिल्ह्यातील वाई, धोम जलाशयाचा काठ आणि पाचगणी–महाबळेश्वर या भागांत सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांत असे तलाव आढळतात. प्लास्टिकचे अस्तर असलेली शेततळी हा याच प्रश्नाचा दुसरा आणि अधिक धोक्याचा भाग आहे.

नदीकाठची पार्श्वभूमी

वाई हे कृष्णेच्या डाव्या तीरावरील घाटांचे गाव. गणपती घाटासह येथील दगडी घाट पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरतात. स्नान, धुणे, देवदर्शन यांमुळे घाटावर माणसांचा वावर असे. मुले पाठीला कोरडा भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून नदीत अथवा विहिरीत पोहायला शिकत आणि शिकविणारा थोरला माणूस जवळ असे. ही रीत निर्दोष नव्हती. धोम धरणातून विसर्ग वाढला की हेच घाट धोकादायक होतात. तथापि पाण्यापाशी कोणीतरी असणारच, हे तिच्यात गृहीत होते. बंगल्यातील तलावाला ते लागू पडत नाही. तो दिवसाचा बहुतेक वेळ निर्मनुष्य असतो, त्याची कड उभी असते आणि पहिल्याच पावलाला मुलाच्या डोक्यावरून पाणी जाऊ शकते.

धोक्याचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. या वयात शरीराच्या मानाने डोके जड असल्याने वाकलेले मूल डोक्यावर पडते व स्वतःला सावरू शकत नाही. बुडणारे मूल आरडाओरडा करील, ही समजूत चुकीची आहे. तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाज निघत नाही आणि प्राणवायूअभावी काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ शकते. शेजारच्या खोलीतील माणसांना काहीच ऐकू येत नाही.

कुंपण

वाई परिसरात मालमत्तेभोवती भिंत घालण्याची पद्धत आहे व तिलाच पुष्कळदा तलावाचे संरक्षण समजले जाते. अशी भिंत बाहेरच्या मुलाला अडवते. घरातल्या मुलाला नाही. दिवाणखान्याचे सरकते दार थेट तलावाकडे उघडत असेल, तर घर हीच कुंपणाची उघडी चौथी बाजू ठरते. म्हणून तलाव घरापासूनही वेगळा करणारे, चारही बाजूंचे कुंपण तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा अधिक परिणामकारक असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. त्याची उंची किमान 1.2 मीटर असावी, उभ्या गजांतील अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा कमी असावे आणि पाय ठेवून चढता येईल असे आडवे गज, कुंड्या किंवा खुर्च्या जवळ नसाव्यात. फाटक बाहेरच्या बाजूस उघडणारे व आपोआप मिटणारे असावे, आणि त्याची कडी मुलाच्या हाताबाहेर असावी. फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवल्यास सारा खर्च व्यर्थ जातो.

ऑस्ट्रेलियातील राज्यांत असे कुंपण कायद्याने आवश्यक आहे. फ्रान्सच्या 2003 च्या कायद्याने खासगी तलावांसाठी कुंपण, धोक्याची घंटा, आच्छादन किंवा छत यांपैकी एकाची सक्ती केली. पाण्यावर नुसते तरंगणारे आच्छादन मात्र संरक्षण नव्हे; त्याखाली सरकलेले मूल वरून दिसतही नाही.

देखरेख

भाड्याच्या बंगल्यात कुटुंब पोहोचते तो पहिला तास विशेष जोखमीचा असतो. मोठी माणसे सामान उतरवीत असतात आणि मुले नवे घर धुंडाळीत असतात. एकत्र जमलेल्या दहा–बारा नातेवाइकांत प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याचे लक्ष आहे. यावर उपाय म्हणजे पाळी ठरवून एका वेळी एकाच प्रौढावर नाव घेऊन जबाबदारी सोपविणे. त्या व्यक्तीने मोबाईल बाजूला ठेवावा, मद्य घेऊ नये व लहान मुलापासून हाताच्या अंतरावर राहावे. दंडावरचे हवेचे फुगे हे खेळणे आहे, ते निसटतात. पोहणे झाल्यावर पाण्यातील चेंडू, फुगे काढून ठेवावेत, कारण ते घेण्यासाठी मूल परत येते. मूल दिसेनासे झाले, तर सर्वांत आधी पाण्यात पाहावे.

शेततळी

महाराष्ट्र शासनाच्या 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर राज्यभर शेततळ्यांची संख्या वाढली. अस्तराचे प्लास्टिक ओले व शेवाळलेले झाले की उतारावर पाय ठरत नाही. त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही अडकतो. तारेच्या जाळीचे कुंपण, कुलूपबंद फाटक आणि काठावरील खांबाला बांधून पाण्यापर्यंत सोडलेले गाठींचे दोर ही येथील किमान सोय होय. बुडणाऱ्याकडे काठावरूनच बांबू, दोर, साडी किंवा बंद केलेला रिकामा कॅन टाकावा.

प्रथमोपचार

मुलाला उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे या जुन्या रीती घातक आहेत. त्यांत मोलाची मिनिटे जातात. मूल बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर प्रथम तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. त्यानंतर छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 या गतीने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत दाब द्यावा आणि 30 दाबांमागे 2 श्वास हे चक्र चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्याने 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. वाई व पाचगणी यांच्यामध्ये पसरणी घाट आहे आणि सुट्टीच्या दिवशी तेथे वाहनांची गर्दी असते. त्यामुळे मदत येईपर्यंत हे काम घरातल्यांनाच करावे लागते. भाड्याच्या घराचा नेमका पत्ता व जवळची खूण भिंतीवर लिहिलेली असल्यास फोनवर सांगणे सोपे जाते. मूल शुद्धीवर आले तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसांतील त्रास काही तासांनीही वाढू शकतो.